जाऊबाईंच्या स्वप्नात येतात, माझ्या का नाही?

या वेळी एकच पत्र घेते आहे. पलूस तालुक्यातल्या एका ताईंचं आहे. ओळख पटेल असा मजकूर गाळला आहे, बाकी शब्द त्यांचेच.

"माझं वय ५३. आमचे मालक जाऊन सव्वा वर्ष झालं. घरात सगळ्यांच्या स्वप्नात ते येतात. थोरल्या जाऊबाईंच्या तर महिन्यातनं दोनदा. कधी रानात उभे असतात, कधी चहा मागतात. लेकीच्या स्वप्नात आले, धाकट्या दिरांच्या आले. माझ्या एकदाही नाही. मला स्वप्नंच पडत नाहीत, लहानपणापासनं. पाठ टेकली की झोप, ते साडेचारच्या गजरालाच जाग. उठले की तशीच गोठ्यात. तीन म्हशी आहेत, सहाच्या आत दूध डेअरीत गेलं पाहिजे. मालक होते तोवर किटली तेच न्यायचे. त्यांना मात्र रोज स्वप्नं पडायची. रात्रीची लाईट असली की मोटर चालू करायला दोन-दोनदा उठायचे, तरी सकाळी चहा पिताना सगळं सांगायचे. मी हसायचे. आता पितृपंधरवड्यात सगळे जमले तेव्हा नणंदबाई बोलून गेल्या, 'मनी वसे ते स्वप्नी दिसे, हिच्या मनात काय आहे देव जाणे.' तेव्हापासनं घास गोड लागत नाही. माझं मन दगडाचं आहे का? का डोक्यातच काही बिघाड आहे? कारण एक-दोनदा असंही झालंय की गजराच्या आधी जाग आली आणि वाटलं, धार काढून झालीय, किटली पण भरली. गोठ्यात गेले तर म्हशी तशाच उभ्या. जाऊबाईंना विचारलं तर म्हणाल्या, त्यांना शुगर आहे, रात्री तीन-चार वेळा उठावं लागतं, तरी स्वप्नं पडायची थांबत नाहीत. मग मलाच का नाही?"

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुमचं मन दगडाचं नाही. हे मी धीर द्यायचा म्हणून म्हणत नाही, तुमच्या पत्रातच त्याचा पुरावा आहे. तो कुठे आहे ते सांगते, पण त्याआधी झोपेबद्दल थोडं सांगावं लागेल.

'मला स्वप्नं पडत नाहीत' असं म्हणणारी माणसं प्रत्येक गावात आहेत. त्यांना स्वप्नं पडतात की नाही, हे तपासायची सोय माणसाला फार उशिरा मिळाली. अमेरिकेत शिकागो विद्यापीठात यूजीन ॲसेरिन्स्की नावाचा विद्यार्थी होता. त्यानं आपल्या आठ वर्षांच्या मुलाला एका जुन्या यंत्राच्या तारा लावून झोपवलं आणि रात्रभर बघत बसला. मधूनच त्या मुलाचे मिटलेले डोळे पापण्यांच्या आड भराभर हलायला लागायचे, थोड्या वेळानं शांत व्हायचे, पुन्हा हलायचे. मग ॲसेरिन्स्की आणि त्याचे प्राध्यापक नथॅनिएल क्लाइटमन यांनी मोठ्या माणसांना नेमकं त्या डोळे हलण्याच्या वेळी उठवून विचारलं. १९५३ साली त्यांनी जे छापलं त्यात असं होतं: डोळे हलत असताना २७ वेळा उठवलं, त्यातल्या २० वेळा माणसांनी स्वप्न तपशिलासकट सांगितलं. डोळे शांत असताना २३ वेळा उठवलं, त्यातल्या १९ वेळा काहीच आठवलं नाही. या डोळे हलणाऱ्या झोपेला आता रेम झोप म्हणतात. स्वप्नं इतर झोपेतही पडतात, पण रंगून सांगावीत अशी बहुतेक याच झोपेतली.

पुढे १९५९ साली आणखी एक प्रयोग झाला, तो खास तुमच्यासारख्यांसाठीच म्हणा ना. 'आम्हाला स्वप्न पडत नाही' किंवा 'क्वचितच पडतं' म्हणणारी माणसं मुद्दाम बोलावली, झोपवली आणि रेम झोपेतून उठवली. त्यांनीही स्वप्नं सांगितली. नेहमी स्वप्नं आठवणाऱ्या माणसांपेक्षा कमी वेळा सांगितली, पण सांगितली.

म्हणजे रोज रात्री तुमच्या डोक्यात स्वप्न तयार होतं. साधारण दर दीड तासाला रेम झोपेचा एक फेरा येतो, रात्रीत चार-पाच फेरे होतात. पहिला जेमतेम दहा मिनिटांचा, आणि पहाटेकडचा अर्ध्या तासापर्यंत लांबतो. पहाटेचं स्वप्न खरं होतं असं आपल्याकडे म्हणतात. खरं होतं की नाही ते सोडा, पण आपल्या आज्या-पणज्यांनी एक गोष्ट बरोबर हेरली होती: लक्षात राहणारी स्वप्नं बहुतेक पहाटेचीच असतात.

मग तुमची जातात कुठे?

तुम्ही डेअरीत दूध घालता, तोच दाखला घेते. दूध घातलं, माप झालं, फॅट लागली आणि चिठ्ठीच निघाली नाही, तर महिन्याच्या हिशेबात ते दूध धरणार का? दूध तर तुम्ही घातलेलं असतं. रेम झोपेत मेंदूचं असंच होतं. दिवसा घडलेलं पक्कं करून ठेवायला मेंदू नॉरॲड्रेनॅलिन नावाचं एक द्रव्य वापरतो. ते सोडणाऱ्या पेशी रेम झोपेत जवळजवळ बंद असतात. स्वप्न जोरात चालू आणि नोंद करणारा माणूस खुर्चीवर नाही, अशी ती वेळ. जपानच्या नागोया विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी २०१९ साली उंदरांच्या मेंदूत असं पाहिलं की रेम झोपेत काही पेशी चक्क विसरायचंच काम करतात. म्हणून स्वप्न विसरणं हा बिघाड नाही, झोपेची घडणच तशी आहे. ज्याला आठवतं त्याच्या बाबतीत काहीतरी वेगळं घडलेलं असतं.

काय वेगळं घडतं, ते फ्रान्सच्या ल्यों शहरात पेरीन रूबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजून पाहिलं. आठवड्यातून साधारण पाच सकाळी स्वप्नं आठवणारी माणसं आणि महिन्यातून साधारण दोनदाच आठवणारी माणसं, दोघांची झोप त्यांनी नोंदली. जास्त आठवणारी माणसं रात्रीतून मधेमधे मिळून साधारण ३० मिनिटं जागी असायची. कमी आठवणारी साधारण १५ मिनिटं. आठवणाऱ्यांचा मेंदू झोपेतही आवाजाला जास्त दाद द्यायचा. स्वप्न चालू असताना किंवा संपल्या संपल्या थोडी जाग आली, तर नोंद करणारा क्षणभर खुर्चीवर येतो आणि चिठ्ठी फाडतो. जाग आलीच नाही, तर पुढच्या झोपेत सगळं वाहून जातं.

आता तुमच्या पत्रातली तीन माणसं बघा. जाऊबाई शुगरमुळे रात्री तीन-चार वेळा उठतात, त्यांना स्वप्नं आठवतात. तुमचे मालक मोटरीसाठी उठायचे, त्यांनाही आठवायची. तुम्ही लिहिलंय की उठावं लागूनसुद्धा त्यांना स्वप्नं पडायची. ताई, ते 'उठावं लागूनसुद्धा' नव्हतं, उठावं लागायचं म्हणूनच होतं. आणि तुम्ही पाठ टेकल्यापासून गजरापर्यंत एका कुशीवर. एका घरात, एका छपराखाली, तीन माणसांच्या तीन झोपा. यात कोणाचा जीव कोणावर किती होता, हे कुठे येतं?

उलट तुमची गाढ झोप घराच्या कामाला आली आहे. रोज साडेचारला उठून तीन म्हशींची धार काढणारी बाई रात्री नीट झोपली नसती, तर एवढी वर्षं उभी राहिली नसती. ती झोप आता गुन्ह्यासारखी तुमच्या पदरात टाकली गेली, याचं मला वाईट वाटतं.

गजराचंही बोलायला हवं. गजर वाजला की तुम्ही तशाच गोठ्यात जाता. वैरण, पाणी, धार, किटली, डेअरीची वेळ. स्वप्नाची आठवण फार नाजूक असते. जाग आल्यावर पहिल्या मिनिटात दुसरा विचार आला, अंग हललं, दिवा लागला की ती पुसली जाते. अमेरिकेतल्या मेरी कॅल्किन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १८९३ साली स्वतःच्या स्वप्नांचा अभ्यास छापला. त्या रात्रीच्या वेगवेगळ्या वेळांचा गजर लावायच्या, उशाशी कागद, पेन्सिल, काड्यापेटी ठेवायच्या आणि जाग आल्याबरोबर जे असेल ते लिहायच्या. सव्वाशे वर्षं झाली, तरी घरच्या घरी करायला यापेक्षा चांगली रीत मला माहीत नाही.

आता तो पुरावा. पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय की गजराच्या आधी जाग आली आणि वाटलं, धार काढून झालीय. डोकं फिरायला लागलं की काय, म्हणून तुम्ही घाबरलात. ताई, ते स्वप्न होतं. तुम्हाला पडलेलं, तुमचं स्वतःचं. तुम्हाला ते स्वप्न वाटलं नाही, कारण त्यात काही अद्भुत नव्हतं. साप नव्हता, देऊळ नव्हतं, गेलेलं माणूस येऊन काही मागत नव्हतं. गोठा होता, म्हशी होत्या, किटली होती. रोजच्यासारखं स्वप्न रोजच्या आठवणीत मिसळून जातं आणि माणूस म्हणतो, मला स्वप्न पडलंच नाही. आणि ते आठवलं कधी, हेही बघा. गजराच्या आधी आपणहून जाग आली त्याच दिवशी. रोज गजर ओरडून उठवतो, त्या दिवशी त्यानं उठवलं नाही. वरचं सगळं शास्त्र त्या एका पहाटेत तुम्ही अनुभवलंत.

असंच आणखी एक. 'काहीतरी पडलं होतं, पण आठवत नाही' असं आपण सकाळी म्हणतो. इटलीतल्या शास्त्रज्ञांनी २०२५ साली छापलेल्या अभ्यासात दोनशेहून जास्त माणसांना पंधरा दिवस रोज उठल्याउठल्या बोलून ठेवायला सांगितलं होतं. त्यात त्यांनी हे 'पडलं होतं, पण हाताला लागत नाही' वेगळं मोजलं. कोणाला जास्त आठवतं? ज्यांना स्वप्नांचं महत्त्व वाटतं, ज्यांचं मन दिवसाही इकडेतिकडे रमतं, ज्यांची झोप हलकी आणि लांब असते. हिवाळ्यात वसंतापेक्षा कमी आठवलं. 'ज्यांचा जीव लागला होता त्यांना जास्त' असं त्या यादीत कुठेही नाही.

पॅरिसच्या डॉक्टरांनी २०१५ साली छापलेला अभ्यास मला सगळ्यात जवळचा वाटतो. काही आजारी माणसांचं शरीर रेम झोपेत शिथिल पडत नाही, त्यामुळे ती स्वप्नात जे करतात ते अंथरुणातही करतात. बोलतात, हातवारे करतात, भांडतात. त्यांच्यातली काही जण सांगायची की दहा-दहा वर्षांत एकही स्वप्न पडलेलं नाही, काही म्हणायची जन्मात पडलेलं नाही. रात्रीच्या चित्रीकरणात मात्र तीच माणसं कोणाशी तरी बोलताना, वाद घालताना दिसली. सकाळी विचारलं तर आठवण कोरी. मी हे वाचलं तेव्हा बराच वेळ पुस्तक मिटून बसले होते. एखादा माणूस रात्रभर कोणाशी तरी बोलत असेल आणि सकाळी शपथेवर सांगत असेल की मी कोणाला भेटलोच नाही. तुमच्या रात्रींत कोण येऊन गेलं आणि कोण नाही, हे तुम्हीही सांगू शकत नाही आणि तुमच्या नणंदबाईही नाही.

त्यांच्या म्हणीकडे येते. 'मनी वसे ते स्वप्नी दिसे.' म्हण खोटी नाही. जे मनात असतं ते स्वप्नात येतं, एवढंच ती सांगते. जे स्वप्नात दिसलं नाही ते मनात नाहीच, असं ती कुठे म्हणते? रानात गेलेला माणूस घरी दिसत नाही, म्हणून तो गावातच नाही असं आपण म्हणतो का? नणंदबाईंचाही भाऊ गेला आहे. त्या दिवशी पान वाढलेलं होतं, सगळे जमले होते, त्यांच्या तोंडून ते निघून गेलं. त्यांच्याशी भांडायला जाऊ नका. पण पुन्हा कोणी तसं म्हणालं तर गप्पही बसू नका. 'मला झोपेत जाग येत नाही म्हणून आठवत नाही, मन आहे तिथं आहे,' एवढं शांतपणे सांगा. जाऊबाईंच्या स्वप्नांनाही खोटं म्हणू नका. दीर येतात, चहा मागतात, त्यांनाही त्याचा आधार वाटत असेल. फक्त त्यांच्या मापानं तुमचं माप करू देऊ नका.

बिघाडाबद्दलही विचारलंत, म्हणून सांगते. ज्यांना प्रयोगशाळेत वारंवार उठवूनही काहीच सांगता येत नाही अशी माणसं असतात, पण अगदी थोडी. मेंदूच्या मागच्या भागात झटका येऊन स्वप्नं बंद झाल्याची उदाहरणं वैद्यकात आहेत. अशा माणसाला आधी स्वप्नं आठवत असतात आणि एकदम थांबतात. तुमचं तसं नाही, तुमचं लहानपणापासून हेच आहे. नैराश्यावरच्या बऱ्याच गोळ्या रेम झोप कमी करतात, दारूही करते. अशी काही गोळी चालू असेल तर ती आपल्या मनानं बंद करायची नाही. जोरात घोरणं, झोपेत श्वास अडकणं, दिवसा पेंग येणं, यातलं काही असेल तर पलूसला नाहीतर सांगलीला डॉक्टरांना दाखवा. हे पत्र वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरात झोपेत लाथा मारणारं, ओरडणारं वयस्क माणूस असेल, तर त्यांनी मेंदूच्या डॉक्टरांना जरूर भेटावं. तो कंपवातासारख्या आजाराचा आधीचा इशारा असू शकतो.

आता तुम्हाला करता येईल असं सांगते. आठवड्यातून दोन दिवस धार दिरांकडे नाहीतर घरातल्या दुसऱ्या कोणाकडे सोपवा. लाज वाटून घेऊ नका, एवढी वर्षं तुम्हीच काढली आहे. त्या दिवशी गजर लावू नका. आदल्या रात्री झोपताना मनाशी म्हणा, सकाळी आठवायचं आहे. हे ऐकायला भाबडं वाटेल, पण खरंच उपयोग होतो. जाग आली की कूस बदलू नका, डोळे उघडू नका, मोबाईलला हात लावू नका. 'आत्ता काय चाललं होतं?' एवढंच स्वतःला विचारा. गोष्ट आठवेल अशी वाट पाहू नका. एखादा वास, एखादा आवाज, पाण्याचा गारवा, नुसतं बरं वाटलं किंवा जीव घाबरला, एवढंही पुरे. त्याच्या शेपटाला धरून मागे मागे जायचं. मग मोबाईलवर बोलून ठेवा नाहीतर वहीत दोन शब्द लिहा. तीन-चार आठवडे धीर धरा. बऱ्याच जणांना पहिल्या पंधरा दिवसांत काहीतरी हाताला लागायला लागतं. रोजच्या गजराच्या दिवशीही, पाय खाली टाकण्याआधी अर्धा मिनिट तशाच पडून राहा. म्हशी अर्धा मिनिट थांबतात.

मात्र झोप मोडून स्वप्नं गोळा करायला जाऊ नका. रात्री मुद्दाम तीनदा उठायचं, असलं काही करायचं नाही. तुमची झोप तुम्हाला हवी आहे.

आणि एक खरं सांगायला हवं. आठवायला लागलं तरी कोण येईल ते आपल्या हातात नसतं. मला रोज स्वप्नं आठवतात. माझे वडील गेल्यावर मी पहिले सात महिने त्यांची वाट पाहिली. बँकेतला शिपाई आला, शाळेतली मैत्रीण आली, मिरजेच्या स्टेशनवरची गर्दी आली. वडील आले नाहीत. आले ते एका दुपारच्या डुलकीत, अंगणात सायकलची चेन बसवत होते, माझ्याकडे वर बघितलंही नाही. मी तेवढ्यावर कितीतरी दिवस काढले. मी त्यांची लाडकी होते, तरी सात महिने लागले. तुमच्याकडे तर अजून दारच उघडलेलं नाही, मग ते आले नाहीत असं कसं म्हणायचं?

शिवाय तुमच्या पत्रात मालक जागेपणी किती ठिकाणी आहेत ते मोजलंत का? किटलीपाशी आहेत, मोटरीपाशी आहेत, सकाळच्या चहाशी आहेत. त्यांची स्वप्नं तुम्ही हसत ऐकलीत, ती तुम्हाला अजून आठवत असतील. एखाद्या संध्याकाळी लेकीला जवळ बसवा आणि त्यातली एक-दोन सांगा. त्या माणसाची स्वप्नं आता फक्त तुमच्याकडे आहेत, दुसऱ्या कोणाकडे नाहीत.

आणि पुढच्या वेळी कधी गजराआधी जाग आली, आणि धार काढून झाली, किटली भरली असं वाटलं, तर घाबरून गोठ्याकडे धावू नका. डोळे मिटलेलेच ठेवा. त्या गोठ्यात अजून थोडा वेळ थांबा आणि बघा, भरलेली किटली उचलायला कोणी दारात उभं होतं का.